कचऱ्याच्या गाडीतला कचरा

सकाळी पावणेसातला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याची गाडी येते. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तिच्यावर आमचा भरवसा अधिक. तिचा घरघराट ऐकू आला की दूध गॅसवर ठेवायचे, नातवाला उठवायचे आणि रात्रीची पिशवी खाली न्यायची राहिली असेल तर धावत जिना उतरायचा, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. गाडी उलटी येऊन फाटकाशी थांबते. मागचे दोन पोलादी हात चाकांच्या मोठ्या डब्याला धरतात, डबा वर जातो, गाडीच्या पोटात कलंडतो आणि रिकामा होऊन मुकाट्याने जमिनीवर येतो. सगळा कारभार एका मिनिटाचा. नातू लहान होता तेव्हा हे पाहायला रोज गॅलरीत उभा राहत असे. आता तो मोठा झाला. मी अजून उभा राहतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, एका सोमवारी, हा डबा गुडघ्याइतका वर आला आणि तिथेच अडला. गाडीच्या पोटातून चिरका, सलग आवाज येत राहिला. ड्रायव्हरने दांडा सोडला, पुन्हा ओढला, इंजिन जोरात केले. डबा हलेना. ‘‘व्हॉल्व्ह गेला,’’ त्याने निदान केले आणि मुकादमाला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण ते समजायला वेळ लागला नाही. गाडीबरोबरच्या दोघा कामगारांनी डबा आडवा पाडला आणि घमेली-फावडी घेऊन तो गाडीत रिकामा करायला सुरुवात केली. एका मिनिटाच्या कामाला पाऊण तास लागला. दोघांपैकी वयाने मोठा, पन्नाशीकडे झुकलेला कामगार शेवटी कमरेवर हात ठेवून फाटकाच्या खांबाला टेकला. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मी त्याच्या जोडीदाराला विचारले.

‘‘कमरेत भरलंय त्याच्या, काका. घरीच आहे.’’

‘‘मग पगाराचं काय?’’

‘‘कंत्राटावर आहे तो. आला तर हजेरी.’’

माझी सारी नोकरी एका कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात गेली. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेस यंत्रांशी तीस वर्षे संसार केला. ‘व्हॉल्व्ह गेला’ हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकले आहे की ते कानावर पडताच माझ्यातला निवृत्त माणूस पुन्हा कामावर रुजू होतो. डॉक्टरांना काही उमगले नाही की ते ‘व्हायरल दिसतंय’ म्हणतात, तसे हे आमच्या धंद्यातले वाक्य. कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा व्हॉल्व्ह गेलेला नसतो. त्याला कोणीतरी घालवलेले असते. त्या ड्रायव्हरच्या मी इतका मागे लागलो की संक्रांतीच्या सुमारास, एका शनिवारी दुपारी, तो मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथे जे पाहिले ते तुमच्या-माझ्या घराशी संबंधित आहे, म्हणून हा लेख.

आधी हे यंत्र थोडक्यात समजून घेऊ. ते अवघड नाही. गाडीच्या गिअरबॉक्सवरून एक पंप फिरतो. तो टाकीतले तेल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. हे तेल पोलादी नळकांड्यात शिरले की आतला दट्ट्या सरकतो आणि डबा उचलला जातो. पुस्तकात याला सिलिंडर म्हणतात, मिस्त्री लोक जॅक म्हणतात. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये १५० बार दाबाचे तेल सोडले तर सुमारे ३ टनांचा रेटा मिळतो. लांब हातांनी उचलायचे असल्याने त्यातला बराच खर्ची पडतो, पण उरतो तोही पुरेसा. मोटारीच्या चाकात हवेचा दाब २ बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी.

तेल केव्हा आणि कोणत्या बाजूला जायचे हे ठरवणारी झडप म्हणजे व्हॉल्व्ह. चौकातला पोलीसच म्हणा ना. पोलादी ठोकळ्याला आरपार भोक आणि त्यात मागेपुढे सरकणारी खाचांची दांडी, एवढीच त्याची रचना. दांडीला स्पूल म्हणतात. दांडी आणि भोक यांच्यात फट असते साधारण ५ ते १५ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनहून लहान कण आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे या व्हॉल्व्हला अडवणारा कचरा आपल्याला दिसण्याच्या पलीकडचा. अख्ख्या गावाचा कचरा गिळणारी गाडी न दिसणाऱ्या कचऱ्यापुढे हात टेकते!

त्याच ठोकळ्यात आणखी एक छोटी झडप असते. तिचे नाव रिलीफ व्हॉल्व्ह. घरोघरच्या गृहिणींना ती समजावून सांगायला नको. कुकरची शिट्टी म्हणजे हीच. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि तेल परत टाकीत सोडून देते. डबा उचलला जात नाही हे खरे. पण नळी फुटत नाही, पोलादी हात वाकत नाहीत आणि शेजारी उभा असलेला माणूस वाचतो. त्या सोमवारी मी ऐकलेला चिरका आवाज या शिट्टीचा होता. यंत्र बिघडले नव्हते. ते ‘नाही’ म्हणत होते.

वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी मला फळीवरचे तीन व्हॉल्व्ह दाखवले. ‘‘तीन महिन्यांत तीन, साहेब. एकाच गाडीचे.’’ मी म्हणालो, एक धुऊन बघू या. त्यांनी एक खोलला, रॉकेलच्या तसराळ्यात धुतला, फडक्याने न पुसता हवेने वाळवला आणि दांडी भोकाच्या तोंडाशी धरली. ती स्वतःच्या वजनाने अलगद आत सरकली. कुठे ओरखडा नाही, कुठे अडत नाही.

‘‘हा तर चांगला आहे!’’ मी म्हणालो.

‘‘चांगलाच आहे. पण वरून सांगतात बदला, की बदलतो. गाडी सकाळी बाहेर पडली पाहिजे.’’

मग मी गाडीची तेलाची टाकी पाहिली. तिच्या झाकणावर हवेसाठी जी गाळणी असते ती तुटली होती आणि तिथे चिंध्यांचा बोळा कोंबला होता. तेलाचे पिंप उघडे; त्यावर एक प्लास्टिकचा मग तरंगत होता. परतीच्या वाटेवरचा फिल्टर केव्हा बदलला ते कोणाला सांगता येईना. फिल्टर पुरता चोंदला की तेल अडू नये म्हणून त्याच्या बगलेतली वाट उघडते आणि न गाळलेले तेल सरळ पुढे जाते. म्हणजे नवा व्हॉल्व्ह त्याच गढूळ तेलात बसवायचा आणि पंधरा दिवसांनी तो अडकला की कंपनीच्या नावाने बोटे मोडायची. भातात खडे आहेत आणि आपण दात बदलत बसलो आहोत, अशातला हा प्रकार.

पण खडे आले कुठून? ड्रायव्हरने मालिका उलगडून सांगितली. त्या सोमवारी संध्याकाळी गाडी वर्कशॉपमध्ये आली. ‘डबा उचलत नाही’ एवढीच तक्रार. कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दीड फेरा आवळून टाकला. दाब किती होता आणि किती झाला हे कोणी मोजले नाही, कारण मोजायच्या गेजची काच फुटली होती आणि नवे मागवलेले होते. कुकरची शिट्टी वाजते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवावा तसे हे झाले. दुसऱ्या दिवसापासून गाडी वाटेल ते उचलू लागली आणि सगळे खूश झाले. दहाव्या दिवशी भर रस्त्यात नळी फुटली. सुदैवाने त्या बाजूला कोणी नव्हते. नळी रस्त्यावरच बदलली गेली, वाहून गेलेल्या तेलाच्या जागी उघड्या बादलीतले तेल ओतले गेले, आणि त्याबरोबर रस्त्याची धूळ टाकीत गेली. तिथून पुढे व्हॉल्व्ह अडकायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा.

‘‘पण पहिल्या दिवशी शिट्टी का वाजली?’’ मी विचारले.

‘‘डबा जड होता ना, काका. तळाला फरशा होत्या. कोणाच्या तरी बाथरूमच्या.’’

मी गप्प बसलो. त्या फरशा आमच्या होत्या.

दिवाळीपूर्वी आम्ही न्हाणीघर नवे करून घेतले होते. जुन्या फरशा, सिमेंटचे तुकडे, विटांचा चुरा असा ढीग निघाला. ‘‘याचं काय करणार?’’ असे मी ठेकेदाराला विचारले होते. ‘‘लावतो विल्हेवाट, काका,’’ तो म्हणाला, आणि मी समाधानाने वर्तमानपत्र उघडले. विल्हेवाट कुठे, हे विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आवडले नसते, हे आतून ठाऊक असावे. रविवारी रात्री तो ढीग सोसायटीच्या डब्यात गेला. अकराशे लिटरचा हा डबा साधारण ४४० किलो वजनाच्या हिशेबाने बनवलेला असतो. विटा-सिमेंटचा राडारोडा घनमीटरला एक टनाच्या वर सहज जातो. अर्धा डबा राडारोडा आणि त्यावर ओला कचरा! शिट्टी वाजली नसती तरच नवल.

सगळे माझ्याच फरशांनी घडले असे म्हणणे ही उलटी प्रौढी होईल. उघडे पिंप माझे नव्हते, फुटलेले गेजही माझे नव्हते. पण साखळीची पहिली कडी आमच्या न्हाणीघरात होती आणि शेवटची एका कामगाराच्या कमरेत, हे मला विसरता येत नाही.

बिघाड शोधायची रीत खरे तर पोरालाही समजेल अशी आहे. आधी पाहावे की तेल पुरेसे आहे का, फेसाळले आहे का, पंपाचा आवाज खरखरीत येतो का. मग पाहावे की फक्त डबा उचलणेच अडले आहे की आतला कचरा दाबणारी फळीही मंदावली आहे. दोन्ही मंदावले असेल तर दोष पंपाकडे, तेलाकडे किंवा मुख्य रिलीफ व्हॉल्व्हकडे. एकच मंदावले असेल तर त्या एका फांदीत. नंतर गेज लावून दाब मोजावा. उचललेला डबा आपोआप खाली उतरत असेल तर व्हॉल्व्ह गळतो की जॅकचे सील, हे ठरवावे. त्यासाठी हात रिकामे करून टेकवावेत, जॅक टोकापर्यंत सरकवावा, दाब उतरवून पलीकडची नळी सोडावी आणि मग पुन्हा त्याच दिशेने दाब द्यावा. मोकळ्या तोंडातून तेल वाहतच राहिले तर सील गेले. नाहीतर संशय व्हॉल्व्हवर. बटणावर चालणाऱ्या नव्या गाड्यांत आणखी एक सोपी खूण आहे. व्हॉल्व्हच्या टोकाची छोटी पिन हाताने दाबावी. तसे केल्यावर काम झाले तर खोट विजेच्या तारेत किंवा कॉइलमध्ये आहे, व्हॉल्व्हमध्ये नाही. या सगळ्याला फार तर तासभर लागतो. पान्हा उचलण्यापूर्वीचा हा एक तास पुढचे तीन महिने वाचवतो.

यातला धोकाही सांगायला हवा. त्या वर्कशॉपमधला एक पोरगा नळीची गळती बोटाने चाचपत होता. मिस्त्री त्याच्यावर खेकसले ते बरे झाले. एवढ्या दाबाचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघाले तर कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट गमावण्याची वेळ येते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून. आणि उचललेल्या हातांखाली आधार लावल्याशिवाय कोणी जायचे नाही, मग साहेब कितीही घाई करोत.

इतके सोपे आहे तर होत का नाही? माझ्या मते त्याचे कारण यंत्रात नाही, वहीत आहे. बदललेल्या व्हॉल्व्हचे बिल होते, त्यावर सही होते, काम झाल्याचे दिसते. बदलावा न लागलेल्या व्हॉल्व्हचे बिल होत नाही. पिंपाला झाकण घातले, फिल्टर वेळेवर बदलला, टाकी धुतली, याची नोंद कोणाच्या बढतीच्या कागदात येत नाही. नव्या गाडीला हार घालायला माणसे येतात. जुन्या गाडीच्या गाळणीला हार घातलेला मी तरी पाहिलेला नाही. निगा राखणे हे आपल्याकडे बायकांचे आणि शिपायांचे काम मानले गेले. त्याचा हिशेब ठेवायची सवय आपल्याला घरातही नाही, कचेरीतही नाही.

जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. या साऱ्या यंत्रांचा तो पूर्वज. त्याचे तत्त्व बिनचूक होते, पण दट्ट्याच्या कडेने पाणी गळे आणि दाब टिकत नसे. कातड्याच्या वाटीसारखे सील बसवून ही गळती थांबवली गेली, आणि तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कामगाराला दिले जाते. मोठ्या कल्पना अशा छोट्या गळतीशी येऊन अडतात, आणि ती कुठे आहे हे बहुधा यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. आमच्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशीच ठाऊक होते की डब्यात फरशा आहेत. त्याला कोणी विचारले नाही. तक्रारीच्या कागदावर ‘डब्यात काय होते’ असा रकानाच नव्हता.

काही वाचक म्हणतील, गाडी एक दिवस थांबली तर तुम्हीच पहिले ओरडाल. खरे आहे, ओरडू. नगरपालिकेच्या माणसांवर हा रोजचा दबाव असतो आणि तो आपणच घालतो. पण मग हिशेब नीट मांडू या. उचलणारा हात बंद असताना गाडी मोठ्या डब्यांच्या फेरीवर पाठवली जाते तेव्हा काम थांबत नाही, कारण बंद पडलेल्या यंत्राच्या जागी माणूस लावलेला असतो. सगळ्यात स्वस्त सुटा भाग तोच. त्याला मागणीपत्र लागत नाही, निविदा लागत नाही, आणि मोडला तर दुसरा मिळतो.

हे असे असू नये, असे आपण देश म्हणून कबूल केलेले आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा शहरांतला कचरा हा सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे हे ढळढळीत दिसले. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि पुढे २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. हाताने कचरा हाताळणे बंद करावे, अटळच असेल तेव्हा कामगारांच्या सुरक्षेची योग्य काळजी घ्यावी, असे त्या नियमांत लिहिले होते. म्हणजे डबा उचलणारे ते दोन पोलादी हात ही चैन नव्हे, श्रीमंत देशांची नक्कल नव्हे. तो या वचनाचा पोलादी भाग आहे. तो बंद पडला की वचन मोडते. फक्त त्याचा आवाज येत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. प्रत्येक वर्कशॉपमध्ये चालू स्थितीतले गेज असावे आणि दाब मोजल्याखेरीज रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावू नये. त्यावर सीलच ठोकावे. पिंपाला झाकण, टाकीला गाळणी आणि फिल्टर बदलल्याची तारीख गाडीच्या दारावर रंगवलेली असावी. बिघाडाच्या कागदावर ड्रायव्हरचे म्हणणे लिहिले जावे. आणि हात बंद असलेली गाडी मोठ्या डब्यांच्या फेरीवर जाऊ नये, मग आमच्या फाटकाशी एक दिवस डबा भरलेला राहिला तरी चालेल. वास आम्ही सोसू. तो सोसणे कमरेपेक्षा स्वस्त आहे.

उरले आपले घर. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. तो घरच्या कचऱ्यात मिसळायचा नसतो, हे आता कोणाला नवे नाही. तरी रात्रीच्या अंधारात तो डब्यात जातो, कारण ‘विल्हेवाट’ या शब्दाच्या पुढे काय असते ते आपण विचारत नाही. फरशा निवडायला आम्ही चार दुकाने हिंडलो होतो. जुन्या फरशा कुठे जाणार, यासाठी एक फोनही केला नव्हता. आता सोसायटीच्या सभेत ठराव झाला आहे की घरात तोडफोड करायची असेल तर राडारोडा कुठे नेणार ते आधी लिहून द्यायचे आणि नेल्याची पावती दाखवायची. ठराव मी मांडला. का मांडला, तेही सांगितले. सभेत जरा हशा झाला, पण ठराव मंजूर झाला.

तो कामगार माघात परत आला. गाडीचे हात आता नीट चालतात. मिस्त्रींनी टाकी धुतली, तेल बदलले, स्क्रू मोजून पूर्वीच्या जागी आणला आणि फळीवरच्याच एका जुन्या व्हॉल्व्हवर गाडी चालते आहे. एका सकाळी मी खाली गेलो आणि त्याला फरशांचे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. माझ्या बोलण्याचे त्याला फारसे नवल वाटलेले दिसले नाही.

‘‘असतंय, काका,’’ तो म्हणाला, ‘‘सगळेच टाकतात.’’

मग त्याने डबा ओढत गाडीशी नेला. डबा वर गेला, कलंडला, रिकामा झाला. तो मात्र एक हात कमरेवर ठेवूनच उभा होता.